नऊने भाग जातो का बघ

मार्च १९९३. सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेची तालुक्याच्या गावातली शाखा. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. शटर अर्धं ओढलेलं, शिपाई पितळी टोकनं मोजून डब्यात टाकतोय आणि कॅशच्या पिंजऱ्यात मी घामाघूम. कॅश ५,४०० रुपयांनी कमी येत होती. माझा तेव्हाचा दोन महिन्यांचा पगारही तेवढा नव्हता. कॅश कमी आली तर कॅशियरनं ती पदरची भरायची, असा आमच्याकडचा रिवाज.

नोटा एकदा मोजल्या, दुसऱ्यांदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना हात थरथरायला लागले. पन्नासपर्यंत आले की आकडा सुटायचा, कारण डोक्यात दुसरंच कुणीतरी बोलत होतं. ‘बावळट. डोक्यात शेण भरलंय नुसतं. एवढं साधं काम जमेना. कुणी बसवलं तुला इथं? आता सगळ्यांना कळेल तुझी लायकी.’ हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पाढे चुकले, भाकरी फाटली, सायकलवरून पडले, प्रत्येक वेळी तो हजर असायचा. त्याला माझं नाव ठाऊक नसावं. तो मला ‘ए’ म्हणूनच हाक मारायचा.

आमच्या हेड कॅशियरना सगळी शाखा अण्णा म्हणायची. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, धोतर-कोट घालणारा माणूस. ते पिंजऱ्यापाशी आले. मी सुरू झाले, “अण्णा, माझं चुकलंच. मी म्हणजे अगदीच धांदरट, माझ्यामुळं सगळ्यांना थांबायला...”

“ते नंतर सांग,” अण्णा म्हणाले. “फरक किती आहे, तेवढंच सांग.”

“५,४००.”

“नऊने भाग जातो का बघ.”

ज्यांनी कधी हाताने खाती लिहिली आहेत त्यांना हा नियम माहीत असतो. लिहिताना शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले, तर येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. ७१ चे १७ झाले तर फरक ५४. ८२ चे २८ झाले तरी ५४. आमचा फरक ५,४००, त्याला ९०० ने भागलं की येतात ६. म्हणजे हजाराच्या आणि शंभराच्या घरातल्या अंकांत सहाचा फरक आहे अशी रक्कम शोधायची. सात आणि एक, आठ आणि दोन, नऊ आणि तीन. दीडशे कागद चाळायचे ते पाच-सहावर आले. सातव्या मिनिटाला सापडलं. विड्रॉवल स्लिप ७,१०० ची होती, पैसेही तेवढेच दिले होते, स्क्रोलमध्ये मात्र मी १,७०० लिहिले होते. एक पैसाही कुठं गेला नव्हता.

मला हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. त्याच वर्षी नव्याने लागलेल्या एका मुलाला तो मीच शिकवला होता. पण त्या पाऊण तासात तो मला आठवला नाही. आठवणार कसा? डोक्यातली सगळी जागा त्या आवाजाने अडवलेली होती. मी चूक शोधत नव्हतेच. मी फक्त गुन्हेगार शोधत होते, आणि ती आधीच सापडलेली होती.

इतका लख्ख धडा समोर असताना मी तो घेतला नाही, आणि पुढची अठरा वर्षं घेतला नाही. या लेखात मला सांगायच्या आहेत त्या चुका इथून सुरू होतात.

त्या रात्री घरी जाताना मी मनाशी काढलेला निष्कर्ष असा: आज अण्णा होते म्हणून वाचलीस, उद्या कोण आहे? यापुढं स्वतःवर आणखी कडक नजर ठेवली पाहिजे. पहिली चूक ही. आतल्या त्या शिवराळ आवाजाला मी माझा राखणदार समजत होते. वाटायचं, हा आहे म्हणून मी वेळेवर येते, हा आहे म्हणून मी पैशाला चोख. हा गप्प बसला तर मी ढिली पडेन. गावाकडं म्हणतात ना, छडी लागे छमछम. मी छडी वर्गातून घरी आणली होती आणि मास्तरही मीच झाले होते.

खरं तर मी चोख होते ती सवयीने. गड्डी दोनदा मोजायची, स्लिपवरचा अक्षरी आकडा आधी वाचायचा, मग अंकी. नोटा दिल्याशिवाय पुढचं टोकन पुकारायचं नाही. या सवयी मला अण्णांनी लावल्या होत्या, आणि त्यांनी एकदाही मला बावळट म्हटलेलं नव्हतं. श्रेय मात्र मी त्या आवाजाला देत राहिले.

त्याची किंमत किती झाली, याचा हिशेब मी कुणाला दिला नाही. इथं देते. आमच्या बँकेत ऑफिसरच्या बढतीसाठी अंतर्गत परीक्षा असायची. १९९८ मध्ये माझा नंबर लागत होता. फॉर्म आणला, दोन दिवस पर्समध्ये ठेवला आणि भरला नाही. २००३ मध्ये पुन्हा तेच. लोकांना सांगितलं, बदली होईल, मुलं लहान आहेत, सासूबाईंचं वय झालंय. सगळ्यांना पटलं. बाईने असं कारण सांगितलं की कुणी उलट विचारत नाही. खरं कारण एवढंच होतं की फॉर्म समोर ठेवला की आतून ऐकू यायचं, ‘स्क्रोलमध्ये सातचं एक करणारी तू, शाखा सांभाळणार?’ घराच्या नावावर मी माझी भीती खपवली. सासूबाई तर उलट म्हणत होत्या, “भर की गं, मी आहे ना पोरांना.” त्या गेल्या, आणि त्यांच्या नावावर मी केलेली ही खोटी नोंद दुरुस्त करायची राहून गेली.

दुसरी चूक जरा वेगळी. मी तो आवाज आतच ठेवला असता तर एक वेळ ठीक होतं. मी तो चारचौघांत मोठ्याने काढायला लागले. “मी म्हणजे अगदी वेंधळी”, “माझ्या डोक्याचं काही खरं नाही”, “मला मेलीला काही कळत नाही.” आपल्याकडं हे विनयात मोडतं. मलाही वाटायचं मी नम्र आहे. पण समोरच्याचं काय व्हायचं? त्याला आपलं काम बाजूला ठेवून माझी समजूत काढायला लागायची. नवऱ्याने एकदा वैतागून सांगितलं, “गॅसचं पुस्तक हरवलंय, ते शोधू. पण तू आधी रडायला लागतेस. मग मी तुला शोधू का पुस्तक?” मला तेव्हा तो निष्ठुर वाटला. आज वाटतं, तो अण्णांचाच प्रश्न विचारत होता. फरक किती आहे, तेवढंच सांग.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडली, कारण ती दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडली.

२०११ च्या सुमारास आमच्या शाखेत एक मुलगी क्लार्क म्हणून लागली. तेवीस-चोवीस वर्षांची, गरीब घरातली, हाताने चपळ. तिला कॅशचं काम मी शिकवलं. मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. एकदाही नाही, याचा मला अभिमान होता. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडायचं पत्र लिहिलं. मी तिला स्ट्राँगरूमच्या बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं, तेव्हा ती रडत रडत बोलली. तीन वेळा तिची कॅश कमी आली होती. तिन्ही वेळा तिने कुणाला न सांगता मावशीकडून उसने पैसे आणून भर घातली होती. एकदा तर २,००० रुपये.

“मला का नाही सांगितलंस?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, तुमची एकदा दोनशे रुपयांनी कॅश कमी आली होती. तेव्हा तुम्ही स्वतःला जे बोलत होता ते मी ऐकलं. मला वाटलं, दोनशेसाठी तुम्ही स्वतःला एवढं बोलता, मग मला दोन हजारासाठी काय बोलाल?”

मी तिला काय शिकवते असं मला वाटत होतं, आणि ती काय शिकली होती! नोटा मोजायला मी शिकवलंच. त्याचबरोबर चूक झाली की ती लपवायची, हेही शिकवलं. आणि बँकेत लपवलेली चूक म्हणजे गेलेले पैसे. कॅश कमी आली तर त्याच संध्याकाळी त्या दिवसाचे ग्राहक आठवायचे, फोन करायचे, घरी माणूस पाठवायचा. शंभरातले नव्वद पैसे त्याच दिवशी परत येतात असा माझा अनुभव. दिवस उलटला की ग्राहकालाही आठवत नाही. पुढं महिनाभराने बी-बियाण्यांच्या दुकानाचे मालक काउंटरवर बोलता बोलता म्हणाले, “मागं एकदा पाचशेच्या चार नोटा जास्त आल्या होत्या. कुणी विचारायला आलं नाही, म्हणून म्हटलं माझाच हिशेब चुकला असेल.” त्यांनी २,००० रुपये लगेच काढून दिले. मी ते त्या मुलीला दिले. तिने पत्र मागं घेतलं. पण माझ्या मनात एक गोष्ट कायमची बसली. स्वतःला दिलेली शिवी आपल्यापुरती राहत नाही. आजूबाजूचे ती ऐकतात आणि आपल्या चुकांची किंमत तिच्यावरून ठरवतात.

मग मी स्वतःला सुधारायला निघाले, आणि चौथी चूक केली.

एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात एक कागद मिळाला होता. त्यावर दहा वाक्यं होती. मी हुशार आहे. मी यशस्वी आहे. मी स्वतःवर प्रेम करते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायची. मी मोरीतल्या आरशासमोर, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, एकवीस दिवस म्हटली. पहिल्या दिवशी हसू आलं. आठव्या दिवसापासून वेगळंच व्हायला लागलं. मी म्हणायची, “मी हुशार आहे,” आणि आतून उत्तर यायचं, ‘हो का? मग फॉर्म का नाही भरलास?’ मी म्हणायची, “मी यशस्वी आहे,” आणि तो आवाज एकेक करून चाळीस वर्षांच्या चुका काढून समोर ठेवायचा. ज्याला एरवी दिवसातून दोनदा बोलायचं निमित्त मिळे, त्याला मी रोज सकाळी दहा निमित्तं हातात देत होते. एकविसाव्या दिवशी कागद फाडला आणि स्वतःला म्हटलं, ‘बघ, तुला हेही जमलं नाही.’

हे माझ्या एकटीचं नव्हतं, हे नंतर वाचनात आलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच कमीपणा आहे, अशांना स्वतःबद्दलचं गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांना आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडा फायदा झाला. मला हे पटायला वेळ लागला नाही. खात्यात शिल्लक नसताना पासबुकावर मोठा आकडा लिहून पैसे येत नाहीत. उलट पासबुक उघडायचीच भीती वाटायला लागते.

पाचवी चूक सांगायला मला सगळ्यांत जड जातंय, कारण ती करताना मला फार छान वाटत होतं.

आरसा सुटला, तशी मी दुसऱ्या टोकाला गेले. कुठं तरी वाचलं, स्वतःला माफ करायला शिका. म्हटलं, हे सोपं आहे. शेजारच्या काकूंना फॅमिली पेन्शन मिळायची. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. काकूंना गुडघ्यामुळं एकट्याने जाता यायचं नाही. त्यांच्या बँकेत मी घेऊन जाते, असं मी दिवाळीत कबूल केलं होतं. विसरले. नोव्हेंबर संपला आणि त्यांची पेन्शन अडली. त्यांनी मला काही म्हटलं नाही, औषधाच्या दुकानात उधारी केली. मला कळलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, ‘असू दे. माणूस आहेस. चुका होतात. स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.’ आणि दोन आठवडे त्यांच्या दारावरून मान खाली घालून ये-जा केली.

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःशी गोड बोलत होते, आणि त्या गोड बोलण्याआड एक म्हातारी बाई औषधाची उधारी करत होती. स्वतःला माफ करायच्या घाईत मी माफी मागायचीच विसरले होते. शेवटी गेले, पाय धरले, त्यांना रिक्षात घालून बँकेत नेलं. काकू म्हणाल्या, “अगं, विसरलीस ते समजलं. आली नाहीस ते नाही समजलं.”

हेच वाक्य माझ्या उपयोगी पडलं. शिवराळ आवाज मला काकूंकडं जाऊ देत नव्हता, कारण तिथं गेलं की आपण किती वाईट हे सिद्ध होईल. गोड आवाजही जाऊ देत नव्हता, कारण सगळं ठीक आहे, जायची गरजच काय? दोघांचं काम एकच. दोघेही फरक किती आहे ते बघू देत नव्हते.

त्यानंतर भाचीने मला डॉ. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ वाचायला दिलं. ती मानसशास्त्र शिकलेली. एलिस हा अमेरिकेतला मानसोपचारतज्ज्ञ, १९१३ ते २००७ असं लांब आयुष्य जगलेला. १९५५ च्या सुमाराला त्याने जी उपचारपद्धती मांडली तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. त्याच्या तरुणपणातली एक गोष्ट मला कॅशियर म्हणून फार आवडली. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची विलक्षण भीती होती. त्याने ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की तिच्याशी बोलायचं. महिन्याभरात तो अशा १३० बायकांच्या शेजारी जाऊन बसला. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. त्यातली एक पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही.

हिशेबाने बघितलं तर १३० पैकी शून्य. माझ्या आतल्या आवाजाला हा आकडा दिला असता तर त्याने वर्षभर पुरवून खाल्ला असता. एलिसने त्या आकड्याकडं आकडा म्हणूनच पाहिलं. कुणी मारलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, भीती गेली. भेट ठरली नाही, ही घटना. त्यावरून ‘मी नालायक’ हे वाक्य निघत नाही. एलिसचं सगळं म्हणणं या एका भेदावर उभं आहे: माणसाच्या कृतीला बरं-वाईट म्हणा, खुशाल म्हणा, अख्ख्या माणसाला एक मार्क देऊ नका.

मला हे वाचून धक्का बसला तो नव्या विचाराचा नव्हता. हे तर मी कॅशवर बसल्यापासून रोज संध्याकाळी करत होते! कॅश जुळली नाही म्हणून कधी कुणी पूर्ण लेजर जाळलं आहे का? फरक काढायचा, तो कुठल्या व्हाउचरमध्ये आहे ते शोधायचं, लाल शाईने दुरुस्तीची नोंद करायची, सही करायची, घरी जायचं. बँकेच्या वहीला मी जी सभ्यता दाखवत होते ती स्वतःला दाखवत नव्हते, एवढाच मुद्दा होता. आणि शिवराळ आवाज हा कडकही नव्हता, तो चुकीचा होता. ‘तुला काहीच जमत नाही’ ही नोंद हिशेबात बसत नाही. काहीच म्हणजे काय? किती? कुठल्या तारखेला? हे तीन प्रश्न विचारले की तो अडखळतो. अण्णांनी मला त्या संध्याकाळी गोंजारलं नव्हतं, ‘तू किती हुशार’ असंही म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त बिनचूक प्रश्न नीट आवाजात विचारला. मायेचा आवाज शोधत मी आरशापर्यंत जाऊन आले. तो पिंजऱ्यापाशी धोतर-कोटात उभा होता.

मग मी एक शंभर पानी वही केली. तिचं नाव फरकवही. तीन रकाने. पहिल्यात काय घडलं, आकड्यासकट. दुसऱ्यात मन काय म्हणालं, जसंच्या तसं, शिवीसकट. तिसऱ्यात अण्णा असते तर काय म्हणाले असते.

एक नोंद अशी आहे: ‘डाळ करपली, एक पातेलं. / मन: साठी आली तरी संसार करता येईना. / अण्णा: फोनवर बारा मिनिटं होतीस. फोन आला की गॅस बंद कर. पातेल्यात पाणी नि सोडा घालून ठेव.’ दुसरी: ‘नणंदेला बोलताना तोडलं. / मन: तुझी जीभच वाईट, म्हणून तुला कुणी जवळ करत नाही. / अण्णा: दोन वाक्यं बोललीस, त्यातलं दुसरं नको होतं. उद्या दहाच्या आत फोन कर.’ तिसऱ्या रकान्याचा मी एक नियम केला. त्यात पुढचं काम लिहिलेलं नसेल तर नोंद अपुरी. काकूंच्या वेळी माझ्याकडं नेमका हाच रकाना नव्हता.

रात्रीसाठी आणखी एक युक्ती बँकेनेच दिली. फरक त्या दिवशी सापडलाच नाही, तर तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतात. म्हणजे तो नाकारत नाही, कुणाच्या माथीही मारत नाही. ‘शिल्लक तपास’ म्हणून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. रात्री दोन वाजता तो आवाज जुनी प्रकरणं काढायला लागला की मी उशीजवळच्या कागदावर एक ओळ लिहिते आणि म्हणते, सस्पेन्सला टाकलं, सकाळी बघू. मात्र सस्पेन्समधली नोंद पडून राहिली तर ऑडिटर शेरा मारतो. सकाळी चहाबरोबर ती बघायचीच. बहुतेक नोंदी उजेडात दोनशे रुपयांच्या निघतात.

हे करताना एक लहानपणची गोष्ट आठवली. आजी दिवेलागणीला आम्हा भावंडांना ओळीने बसवून मनाचे श्लोक म्हणायला लावायची. २०५ श्लोक. पाठ होते, अर्थाकडं कुणाचं लक्ष? निवृत्तीनंतर एकदा सज्जनगडावर गेले होते, समाधीपाशी बसले असताना कुणीतरी ते म्हणत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं, की समर्थ मनाला उपदेश करायच्या आधी त्याला सज्जन म्हणून हाक मारतात. उपदेश काही मवाळ नाही. हे सोड, ते धर, असं स्पष्ट सांगतात. पण हाक आधी सन्मानाची. ही हाक सातव्या वर्षापासून माझ्या तोंडात होती आणि मी माझ्या मनाला ‘ए’ म्हणत पन्नास वर्षं काढली.

आता मी स्वतःला ‘बाय’ म्हणते. अण्णा मला तशी हाक मारायचे.

मऊ बोलल्याने माणूस ढिला पडतो का, ही माझी जुनी शंका. तिचं एक उत्तर कॅनडातल्याच कार्लटन विद्यापीठातल्या अभ्यासात मिळालं. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांविषयी लिहिलं: पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. माझ्या वहीचा अनुभव तोच आहे. शिवी दिली की ती चूक पुन्हा बघावीशी वाटत नाही; नीट विचारलं की आपणच कागद पुढं करतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वही आणि अण्णा हे रोजच्या फरकांसाठी. आतला आवाज ‘जगून काय उपयोग’ असं म्हणायला लागला, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवणाची वासना नाही, तर तो वहीचा विषय नाही. डॉक्टरकडं जावं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीतून बोलता येतं. बँकेतही मोठा फरक आला की आम्ही हेड ऑफिसला कळवायचो. त्यात कमीपणा नसतो.

माझा आवाज गेलेला नाही. कुणी सांगत असेल की तो कायमचा जातो, तर माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. बढतीची परीक्षा मी दिली नाही, ती आता देता येणार नाही. ती रक्कम राइट-ऑफ झाली. २०२४ मध्ये मी निवृत्त झाले, ज्या पिंजऱ्यापासून सुरुवात केली त्याच्यापासून वीस फुटांवर. निरोपाच्या भाषणात ती मुलगी, आता ती ऑफिसर आहे, एवढंच म्हणाली की मॅडमकडं चूक घेऊन जायला भीती वाटायची नाही. ‘पहिले चार महिने सोडून’ हे ती म्हणाली नाही. ते मी माझ्या भाषणात सांगितलं.

गेल्या महिन्यात घरी नळाचं काम केलं. प्लंबरचे ३,६०० झाले होते, मी मोबाइलवरून पैसे पाठवले आणि पाठवल्यावर पडद्यावर आकडा दिसला, ६,३००. आतून लगेच सुरुवात झाली, ‘ए बावळ—’

“बाय,” मी म्हटलं, “फरक किती आहे, तेवढंच सांग.”

२,७००. नऊने भाग जातो. मला हसू आलं. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, “काकी, मी आत्ता बघितलंच नव्हतं, पाठवतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला पैसे परत आले.